ब्रँडचं नाव झाका आणि मग चप्पल बघा

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारखी सेम टू सेम चप्पल उतरवली, आपल्याकडे बोंबाबोंब झाली, मग डिसेंबरात करार झाला की महाराष्ट्र-कर्नाटकात २००० जोड बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की एवढ्या पैशात चप्पल जास्त टिकते का रे? माझं म्हणणं असं की त्यात नावाचे, डिझाईनचे, दुकानाच्या भाड्याचे पैसे असतात, चामडं कसंय ते किमतीच्या चिठ्ठीवरून कळत नाही, हाताने बघावं लागतं.

तर पहिलं काम, चप्पल उलटी करा आणि कड बघा. वरची बाजू पॉलिशने कोणीही चकचकीत करतं. तळ थर देऊन केलेला असतो, खऱ्या मालात कडेला चामड्याचे थर दिसतात आणि नख ओढलं तर नुसता ओरखडा उठतो, भुसा किंवा पापुद्रा निघाला तर आत पुठ्ठा आहे असं समजा. हे मी पैसे घालवून शिकलोय, पुण्यातल्या एका मॉलमधून भारीतली म्हणून घेतलेली चप्पल पहिल्याच पावसात फुगली आणि तळातून ओल्या खोक्यासारखा लगदा बाहेर आला.

मग शिलाई. पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्याच वादीने हाताने शिवतात, खिळा नसतो, त्यामुळे टाके थोडे कमीजास्त दिसणारच. एकदम पट्टीने आखल्यासारखे असतील तर मशीन, ते वाईट असतं असं नाही पण मग हातकामाचे पैसे देऊ नका. आणि कर्रकर्र वाजते म्हणजे ओरिजिनल, हे डोक्यातून काढा, आवाज मुद्दाम काढता येतो.

वास घ्या, लोक बघतील, बघू देत. हे चामडं बाभळीची साल, हिरडा वगैरे वापरून कमावतात, त्याचा वास उग्र पण वेगळाच. नाकात चिकटवायचं सोल्युशनच शिरलं तर ठेवून द्या. पांढरा रुमाल घासून रंग उतरतो का तेही बघा.

बॅग-पाकिटाचं पण तेच. 'जेन्युइन लेदर' शिक्क्याचा अर्थ एवढाच की चामडं आहे, चांगलं आहे असं नाही, खालचा स्वस्त थर घेऊन वर प्लास्टिकचा कोट मारला तरी हा शिक्का बसतो.

ब्रँड फुकटचे पैसे घेतो असंही नाही हां, माप बरोबर बसतं, फिनिशिंग एकसारखं असतं, बदलून मिळतं. पण कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, म्हणजे हे नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच, तो भाग म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, तेव्हा हातकामच हवं असेल तर कोल्हापुरात चप्पल लाईनीत जाऊन चार दुकानं फिरा, कड बघा, घासाघीस करा.

घरी आणल्यावर चावतेच. चपलेच्या अंगठ्याला आणि पट्ट्याला खोबरेल लावा, आठवडाभर घरातच तास तासभर घाला. पावसात अजिबात नाही, मी जूनपासून सरळ रबरी चप्पल घालतो.