एकटं वाटतंय आणि देव ऐकतोय का तेही कळत नाहीये, तेव्हा काय करायचं

नगरहून नोकरीसाठी पुण्यात आलात, हडपसरला कॉट बेसिसवर राहताय, रविवार रूमवर लोळण्यात जातो आणि प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, तर हे तुमच्यासाठी. मी यातून गेलेय.

आधी जेवा आणि झोपा. खरंच. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९) तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं.

मग बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, रूममेट असेल तर गच्चीवर जाऊन. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे, म्हणजे देवाशी असं बोललेलं चालतं.

आणि चर्चमध्ये उपासनेला जा, शंका घेऊनच जा. येशू मरणातून उठलाय हे ऐकून त्याचा शिष्य थोमा म्हणाला होता की त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, हे सगळ्यांना पाठ आहे, पण पुढे बघा ना, आठ दिवसांनी तो त्याच शिष्यांसोबत घरात होता, विश्वास बसला नव्हता तरी तो निघून गेला नाही आणि त्यांनीही त्याला काढलं नाही! मला हे फार उशिरा दिसलं.

मी गुरुवार पेठेत पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात जाऊन सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. गायन सुरू झालं, माझा आवाजच फुटेना. शेजारच्या मावशींनी काही न विचारता त्यांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं आणि ओळीखाली बोट फिरवत गात राहिल्या, एका हाताने घसरणारा चष्मा सावरत. त्या दिवशी मी त्यांच्या विश्वासावरच बसून होते.

घाई करू नका. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००ला, एकाच घरात पाच वर्षांचं अंतर. "तुझा विश्वासच कमी पडतोय" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या पाळकांशी बोला. जगणंच नको वाटत असेल तर आत्ताच १४४१६ला फोन करा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, फोन केल्याने विश्वास कमी होत नाही.

या रविवारी उपासनेच्या शेवटी आशीर्वाद झाला की लगेच रिक्षा बुक करू नका, दहा मिनिटं दाराशी थांबा, कोणी ना कोणी "कुठली गं तू?" विचारतंच.