मुरलेली बीअर, विटलेली बीअर: जुनी बाटली बारमध्ये कशी चाखावी

‘जुनी आहे ना, मग भारीच असणार.’ वाशी-बेलापूरच्या टेबलांवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. बहुतेक बीअर ठेवून सुधारत नाही. आपली रोजची लागर, म्हणजे हलकी सोनेरी बीअर, ताजीच प्यावी. हॉप्सच्या, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या, वासावर उभी असलेली आयपीए ही कडवट बीअर तर त्याहून ताजी. ठेवण्यासारख्या बीअर मोजक्याच: साधारण ८ टक्क्यांच्या वरच्या, माल्टने (मोड आणून वाळवलेल्या बार्लीने) भरलेल्या, शक्यतो बाटलीत यीस्ट असलेल्या. म्हणजे बार्ली वाइन (नावात वाइन, पण ही बीअरच), इम्पीरियल स्टाउट (काळी, ताकदवान), बेल्जियमच्या गडद ट्रॅपिस्ट एल (ख्रिस्ती मठांतल्या बीअर). ब्रुसेल्सकडची ग्यूझ ही आंबट बीअर कमी ताकदीची असूनही टिकते, कारण तिचा आंबटपणा आणि जंगली यीस्ट तिला सांभाळतात.

यादीत शिमे ब्लू ही बेल्जियन ट्रॅपिस्ट दिसली तर तिथून सुरुवात करा. ९ टक्क्यांची ही बीअर १९४८ मध्ये नाताळसाठी म्हणून निघाली. लेबलवर वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे एकाच बीअरची दोन-तीन वर्षं शेजारी ठेवून चाखता येतात. शिकायला याहून सोपी वाट नाही. लंडनची फुलर्स व्हिंटेज एल १९९७ पासून अशीच वर्षागणिक निघते. टॉमस हार्डीज एल मिळाली तर सोडू नका. इंग्लंडमधल्या डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने ती १९६८ मध्ये काढली, आणि २५ वर्षं टिकेल असं लेबलवरच छापलं.

वय कायद्यात बसणारं, दारूचा परवाना खिशात, गाडी घरी, अंगाला अत्तर नाही. एवढं धरून चालतो.

बाटली उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारा: ‘दादा, ही ठेवली कुठे होती?’ काउंटरमागच्या दिव्यांच्या फळीवर सजवून ठेवलेली असेल, तर वर्ष कितीही जुनं असो, पैसे घालू नका. तळघराच्या १०-१३ अंशांत जे व्हायला वर्षं लागतात, ते आपल्याकडच्या उन्हाळ्यात बिनएसीच्या फळीवर महिन्यांत होतं, आणि वाईट तऱ्हेने होतं. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेला तर उजेडच पुरतो. हॉप्समधला कडू भाग उजेडाने फुटतो आणि जळक्या रबरासारखा वास येतो.

बाटली उभीच ठेवायला सांगा, हलवू देऊ नका. सगळे ग्लास आधी मांडून एकाच ओघात ओता. दर ग्लासमागे बाटली सरळ केली की तळाचा गाळ ढवळतो. माणशी ६० मिलिलिटर पुरे. ग्लास पोटाला गोल, तोंडाला निमुळता. फ्रीझरमधून काढलेला, बर्फ धरलेला ग्लास आणला तर परत पाठवा. कमी ताकदीची आधी, जास्त ताकदीची नंतर.

आता खरी अडचण. समोरची बीअर मुरली आहे की विटली आहे, हे ओळखायचं कसं? यात मी दोनदा चुकलो आणि दोन्ही चुका मला अजून टोचतात. पाम बीच रोडजवळच्या एका बारमध्ये जुन्या स्टाउटला भिजल्या पुठ्ठ्याचा वास येत होता, आणि ‘वयाची चव अशीच असते’ असं मी टेबलावर ठामपणे सांगितलं. पाच जणांनी माझ्या शब्दावर ती संपवली. पुढे ठाण्यात एक उत्तम ग्यूझ ‘आंबली आहे’ म्हणून मी परत केली. आंबट असणं हाच तिचा धर्म, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दोन्ही वेळा एकच गोष्ट राहिली होती. मी थांबलो नव्हतो. फ्रीजच्या ४ अंशांवर चांगला वासही दबतो आणि वाईटही. गडद, ताकदवान बीअरला १२-१४ अंशांवर यायला वेळ द्या. ग्लासचं पोट दोन्ही तळव्यांत धरा आणि तीनदा हुंगा: ओतल्यावर लगेच, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी. मुरलेली बीअर ऊब मिळाली की उलगडते. आधी नुसतं गोड वाटतं, मग खजूर, काळ्या मनुका, काकवी, जुनं लाकूड असं एकेक पुढे येतं. विटलेलीत उलट होतं. पुठ्ठाच वर येत राहतो आणि बाकी सगळं झाकतो. पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्याखाली भिजून पडलेलं खोकं आठवा, तोच वास. बाटलीतल्या प्राणवायूचं आणि उष्णतेचं हे काम आहे, आणि त्याला वयाची चव म्हणू नका.

काही वासांचा निवाडा बीअर बघूनच करावा लागतो. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास ग्यूझमध्ये किंवा ऑर्व्हाल या बेल्जियन ट्रॅपिस्टमध्ये हवाच, कारण तो ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. तोच बार्ली वाइनमध्ये आला तर बहुधा नको असलेलं काही आत शिरलंय. आंबटपणाचंही तसंच. कैरी, ताक, लिंबू या घरातला असेल तर ग्यूझ निरोगी आहे. नाकात झोंबून घसा जाळणारं व्हिनेगर असेल तर नाही. खूप जुन्या स्टाउटमध्ये चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसची झाक येते. ती मेलेल्या यीस्टची. झाक असेल तर मी पितो, सगळी चवच तशी झाली असेल तर ग्लास बाजूला ठेवतो. फेस नाही म्हणून मात्र कुठली बाटली नाकारू नका. जुन्या बार्ली वाइनचा वायू कधीकधी जवळपास गेलेला असतो.

आणि कृपा करून चखणा लांब ठेवा. मसाला पापड, शेव, लसूण घातलेले शेंगदाणे, यातलं एक जरी तोंडात गेलं तरी पुढची वीस मिनिटं तुम्ही मसालाच चाखणार. साधा लादी पाव आणि साधं पाणी मागवा.

तीनदा हुंगून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, आधी कागदावर लिहायचं, हा नियम मी आता हट्टाने पाळायला लावतो. टेबलावर पहिला माणूस ‘खजूर’ म्हणाला की उरलेल्या सगळ्यांना खजूरच लागतो. माझ्या त्या पुठ्ठ्याच्या रात्री हेच झालं होतं.

तळाचा दोन बोटं गाळ शेवटी वेगळ्या ग्लासात घ्या, हवा तर चाखा. आणि रिकामे ग्लास लगेच उचलू देऊ नका. दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. बीअर मुरलेली असेल तर कोरड्या काचेलाही मनुकांचा वास राहतो.