किलो नंतर वाढवा, आधी बॅकग्राउंडची वही काढा

शंभर किलो निखळ जर्मेनियम-७६ घ्या आणि न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षयाचं (आपण शोधतोय तो हाच: दोन इलेक्ट्रॉन निघतात, न्यूट्रिनो एकही नाही) अर्धायुष्य १०च्या २६व्या घाताइतकी वर्षं धरा. वर्षाकाठी क्षय होतील पाच-साडेपाच. जर्मेनियमच्याच डिटेक्टरांनी हा क्षय शोधणाऱ्या गर्डा प्रयोगाने २०२० साली दिलेली अर्धायुष्याची किमान मर्यादा याच्या १.८ पट आहे, म्हणजे पदरात पडले तर तीनच्या आसपास, कदाचित तेही नाहीत.

तरी नवीन आलेला प्रत्येक जण आधी विचारतो, अजून किती किलो लागतील? माझं काम सुटे भाग तपासण्याचं. डिटेक्टरजवळ जाणारा प्रत्येक स्क्रू, वॉशर, वायर आधी माझ्या टेबलावरून जाते. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं: किलोचं नंतर बघू, वही दाखव. बॅकग्राउंड, म्हणजे आपल्या क्षयासारख्या दिसणाऱ्या इतर नोंदी, शून्याजवळ असेल तर संवेदनशीलता किलो-वर्षांच्या (वस्तुमान गुणिले मोजणीची वर्षं) सरळ प्रमाणात वाढते. नसेल तर वर्गमुळाने. चौपट जर्मेनियम घालून दुप्पटच मिळणार असेल तर तो खर्च कशाला?

वहीत प्रत्येक भागाला एक ओळ द्या. वस्तुमान, दर किलोची किरणोत्सारिता, आणि त्या जागेवरून निघालेल्या गॅमाची २०३९ केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट; आपल्या क्षयाची एकूण ऊर्जा) खिडकीत नोंद पडण्याची शक्यता. ही शक्यता सिम्युलेशनमधून काढा. तिन्हींचा गुणाकार करा, उतरत्या क्रमाने लावा, आणि वरच्या तीन ओळींवरच काम करा. खालच्या ओळी घासत बसायचा मोह होतो, कारण ते काम सोपं असतं.

किरणोत्सारितेचा रकाना भरताना सावध राहा. मास स्पेक्ट्रोमेट्रीने युरेनियम-थोरियम थेट मोजता येतं: एक पीपीटी (लाख कोटीत एक भाग) थोरियम म्हणजे किलोमागे साधारण ४ मायक्रोबेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय), युरेनियम असेल तर १२. पण आपल्याला छळणारा बिस्मथ-२१४ साखळीत रेडियम-२२६च्या खाली बसलेला असतो, आणि रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. धातू शुद्ध करताना युरेनियम आणि रेडियमची फारकत झाली की तो समतोल आपल्या हयातीत परत येत नाही. म्हणून युरेनियम कमी निघालं एवढ्यावर भाग पास करू नका. त्याच बॅचमधला मोठा नमुना गॅमा काउंटरवर आठवडेच्या आठवडे ठेवा. आणि पुरवठादाराच्या ‘९९.९९९९ टक्के शुद्ध’ प्रमाणपत्रावर भाळू नका. उरलेला एक पीपीएम (दहा लाखात एक भाग) म्हणजेसुद्धा एका पीपीटीच्या दहा लाख पट.

वहीत वर कोण येतं? बहुतेक वेळा डिटेक्टरला चिकटलेली चिल्लर: केबल, कनेक्टर, सोल्डर. सिरॅमिक आणि बोरोसिलिकेट काच तर मी आत येऊच देत नाही. तांबं बरं, पण जमिनीवर पडून राहिलं की वैश्विक किरणांमुळे त्यात कोबाल्ट-६० तयार होतो, अर्धायुष्य ५.२७ वर्षं. मायोराना प्रयोगाने म्हणूनच आपलं तांबं भूमिगत प्रयोगशाळेतच विद्युत्-निक्षेपणाने घडवलं. शिशात शिसं-२१०, अर्धायुष्य २२ वर्षं; क्युओरे या दुहेरी बीटा क्षयाच्याच प्रयोगाने सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं, कारण दोन हजार वर्षांत त्यातलं शिसं-२१० संपलेलं असतं. खुद्द जर्मेनियमही जमिनीवर राहिलं तर त्यात जर्मेनियम-६८ साठतं. ते लवकरात लवकर खाली न्या. जोडणी नायट्रोजनखाली करा, नाहीतर रेडॉनची पिलावळ पृष्ठभागावर चिकटते.

एवढं करूनही जे उरतं त्यासाठी व्हेटो (नको ती घटना ओळखून बाद करणं) आणि पल्सचा, म्हणजे डिटेक्टरच्या विद्युत्-संकेताचा, आकार. गर्डाने उघडे डिटेक्टर थेट द्रव आर्गॉनमध्ये टांगले. बाहेर निसटलेला गॅमा आर्गॉनमध्ये १२८ नॅनोमीटरचा प्रकाश पाडतो आणि ती घटना बाद होते. पल्सच्या आकाराचं गणित असं: आपला क्षय एकाच ठिकाणी ऊर्जा टाकतो, गॅमा सहसा दोन-तीन ठिकाणी. म्हणून प्रवाहाच्या कमाल उंचीला एकूण ऊर्जेने भागा, हेच ए बाय ई.

कट, म्हणजे या गुणोत्तरावरची सीमा, बसवायला थोरियम-२२८ स्रोत लावा. त्याच्या २६१५ केईव्ही गॅमातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनते आणि ५११चे दोन्ही गॅमा निसटले की १५९३वर शिखर दिसतं. ही घटना एकस्थानी, आपल्या क्षयाची तालीमच. शेजारी १६२१ला बिस्मथ-२१२चं शिखर, ते बहुस्थानी. कट असा ठेवा की १५९३मधल्या ९० टक्के घटना वाचतील. मग दोन्ही शिखरं एकाच आलेखावर बघा: डावं उभं, उजवं बसलेलं, तर जमलं. एक खोच आहे. १५९३च्या घटना डिटेक्टरच्या कडा-कोपऱ्यांत जास्त होतात, कारण तिथून निसटणं सोपं. तेव्हा मिळालेला आकडा दोन-न्यूट्रिनो क्षयाच्या (जर्मेनियम-७६चा नेहमीचा दुहेरी क्षय, त्यात दोन न्यूट्रिनोही निघतात) घटनांवर पडताळूनच वापरा.

तो दोन-न्यूट्रिनो क्षय मात्र ना शील्डने जातो ना कटने. समस्थानिक तोच, जागा तीच, इलेक्ट्रॉनही दोनच. त्याच्यावर उपाय एकच, ऊर्जेचं रेझोल्यूशन, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची क्षमता. मायोरानाने २०३९ केईव्हीला अडीच केईव्हीच्या आसपास गाठलं, म्हणून जर्मेनियममध्ये ही डोकेदुखी जवळजवळ नाही. गोंगाट आणखी घटवायला पहिला अ‍ॅम्प्लिफायर डिटेक्टरला खेटून ठेवावा लागतो, आणि तोच भाग वहीत वर चढतो. दोन्ही पर्याय वहीत मांडा, बेरीज कमी येईल तो घ्या. एका वेळी एकच बदल करा, आणि २०३९च्या दोन्ही बाजूंचे २५ केईव्ही झाकून ठेवूनच कट ठरवा.