जुनी लष्करी गाडी आणि नव्या नियमाचा मसुदा: हरकत कशी घ्यायची

देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे ऑलिव्ह ग्रीन गाडी नाशिककरांना नवी नाही. पण ती स्वतःच्या नावावर असणे, एमएच-15 पासिंगची असणे आणि उद्याच्या नियमातही बसणे, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. जोंगा किंवा विलीज जीप, किंवा शक्तिमान ट्रक अशी जुनी लष्करी गाडी बाळगणाऱ्याला फटका बसतो तो बहुतेक वेळा नियमांतून, कायद्यातून क्वचितच. म्हणून नजर ठेवायची ती नियमांवर.

विधेयक संसदेत चर्चेला येते, समितीकडे जाते, वर्तमानपत्रांत गाजते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला बदल मात्र गाजावाजा न होता येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय मसुदा राजपत्रात छापते, साधारण 30 दिवस हरकती मागवते आणि मग अंतिम अधिसूचना काढते. अंतिम नियम नंतर संसदेपुढे ठेवले जातात, पण तोवर ते लागू झालेले असतात. सामान्य गाडीमालकाला बोलायची खरी संधी त्या तीस दिवसांतच. विंटेज वाहनांचा मसुदा नोव्हेंबर 2020 मध्ये आला आणि 15 जुलै 2021 ला नियम झाला. वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरण शुल्काचा मसुदा फेब्रुवारी 2025 मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये हलक्या मोटारीचे शुल्क 10,000, तर आयात चारचाकीचे 80,000 रुपये झाले. विलीज असेल तर आरसीवर ‘आयात’ अशी नोंद आहे का ते आजच पाहा. एका शब्दाने आठपट फरक पडतो.

मसुदा ई-गॅझेटच्या (राजपत्राच्या) संकेतस्थळावर भाग 2, खंड 3, उपखंड (i) मध्ये सा.का.नि. (इंग्रजीत जीएसआर) क्रमांकाने सापडतो. पंधरवड्यातून एकदा तिथे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नावाने शोध घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बातमीवर विसंबू नका, त्यात मुदतीची तारीख हमखास चुकते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हे मसुद्याच्या पहिल्याच परिच्छेदात असते.

वाचताना आधी व्याख्या गाठा. आजचा नियम 81अ विंटेज म्हणतो तो पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी किंवा चारचाकीला. गाडी मूळ स्वरूपात असावी, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. लष्करी गाडीची अडचण इथेच सुरू होते. समजा जोंगा 1972 ची आहे, 1988 मध्ये लिलावात निघाली आणि 1989 मध्ये आरटीओत नोंदली गेली. लष्कराकडे असताना तिची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 खाली होती. ती धरली तर गाडी आजच विंटेज आहे, आरटीओची धरली तर 2039 पर्यंत थांबा. आता इंजिन. जोंगाचे मूळ पेट्रोल इंजिन सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे. तेल परवडेना म्हणून अनेकांनी डिझेल बसवले, जीपमध्ये तर मेटाडोरचे इंजिन सर्रास दिसते. अशी गाडी ‘मूळ स्वरूपात’ मोडत नाही. शक्तिमान हा ट्रक, त्यामुळे खाजगी चारचाकीच्या चौकटीत तो आजच बसत नाही.

रंगाचा घोळ सगळ्यात विचित्र. नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. एका नियमाला गाडी मूळ स्वरूपात हवी, दुसऱ्याला तिचा मूळ रंगच नको! मसुदा कोणताही असो, विंटेज प्रमाणपत्र असलेल्या गाडीला नियम 121 मधून सूट द्या, ही मागणी हरकतीत घालाच. ती मिळेपर्यंत रस्त्यावर येणारी गाडी वाळूच्या किंवा करड्या रंगात ठेवा, विशेषतः देवळाली कॅम्पकडे जायचे असेल तर. सोबत लष्करी गणवेश चढवून मिरवणेही टाळा. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तो घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे.

हरकत लिहिण्याआधी गाडीची फाइल भरा, कारण कागदाशिवाय केलेली तक्रार कुणी वाचत नाही. लिलावातून आलेल्या गाडीला संबंधित लष्करी अधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 21, लागते. झेरॉक्सवर भागत नाही. आरसी, विमा, पीयूसी आणि आयात असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क कागद) जोडा. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे वर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा, घ्या. फोर्ड जीपीडब्ल्यूवर (विलीजच्या नमुन्याची फोर्डने बनवलेली जीप) तो डाव्या चेसिस रेलच्या वरच्या बाजूला ठोकलेला असतो. विलीज एमबीवर पुढच्या बंपरमागे, डाव्या रेलच्या आतल्या बाजूला क्रमांकाची पट्टी रिव्हेट केलेली असते. रंगाचे थर पेंट रिमूव्हर आणि चिंधीने काढा, ग्राइंडर लावू नका. अंक पुसट झाले की पुन्हा ठोकायचा मोह होतो, पण ताजा ठोका दिसला की चोरीच्या गाडीचा संशय येतो आणि पासिंग अडकते. बाण असलेला जुना लष्करी क्रमांक बॉडीवर सापडला तर खरवडण्याआधी फोटो काढा. बाणाजवळचे दोन अंक वर्ष सांगतात.

हरकत दोन पानांपेक्षा मोठी नको. केंद्राला हिंदी किंवा इंग्रजीत, राज्याच्या मसुद्यावर मराठीत. वर सा.का.नि. क्रमांक व तारीख, मग कोणत्या उपनियमातले कोणते शब्द खटकतात, त्याचा परिणाम काय आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि अधिकाऱ्याला नेमका तोच हवा असतो. उदाहरणार्थ: “‘पहिली नोंदणी’ या शब्दांनंतर ‘(कलम 60 खालील नोंदणीसह)’ असे जोडावे.” ‘आमच्या भावना दुखावल्या’ छापाचे वाक्य एकही नको. ईमेल मसुद्यातल्या पत्त्यावर करा आणि त्याच दिवशी परिवहन भवन, 1 संसद मार्ग, नवी दिल्ली 110001 येथे स्पीड पोस्टही टाका. पावती जपा. वीस जणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या गाडीच्या तारखा घालून पाठवलेला बरा. नाशिक किंवा दिंडोरीच्या खासदारांना प्रत द्या.

दरम्यान विंटेज प्रमाणपत्र घ्यायचे का, हा हिशेब वेगळा. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. अर्ज नमुना 20 मध्ये, प्रमाणपत्र नमुना 23अ मध्ये. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. दर रविवारी इगतपुरीला जीप नेत असाल तर साधे नूतनीकरणच ठेवा. लग्नाच्या वरातीला भाड्याने देणे हा व्यावसायिक वापर, तो विंटेजमध्ये चालत नाही. रॅलीला निघताना आयोजकांचे तारीख-मार्ग लिहिलेले पत्र गाडीत असू द्या.

सुट्या भागांसाठी नियम 52अ कडेही लक्ष हवे. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वाढत नाही आणि ती मान्यताप्राप्त भंगार केंद्रात जाते. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या खास कामाच्या गाड्या वगळल्या आहेत. त्या वगळणुकीची शब्दरचना बदलली तर लिलावातून मिळणारे अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आटतील. त्यामुळे या नियमातला प्रत्येक दुरुस्ती मसुदा उघडून बघा.

अंतिम अधिसूचना आली की मसुदा शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडा आणि लागू होण्याची तारीख लिहून ठेवा. काही तरतुदींना वेगळी तारीख असते. जुन्या शुल्कात बसणारा अर्ज त्या तारखेच्या आत पेठ रोडच्या आरटीओत दाखल करून पोहोच घ्या.