स्कोपच्या वाटाघाटीला बसण्यापूर्वी

वैमानिकांच्या युनियनतर्फे कंपनीशी वाटाघाटीला बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पगाराचे तक्ते सगळेच नेतात, त्यावर शब्द खर्च करत नाही. अमेरिकेतल्या विमानकंपन्यांच्या करारात नोकरीच्या हमीचा गाभा बहुधा पहिल्याच कलमात असतो, त्याला स्कोप म्हणतात: कोणती उड्डाणं कंपनीच्याच वैमानिकांनी करायची, हे त्यात ठरतं. ते कलम, सीनियॉरिटी (सेवाज्येष्ठता), फर्लो (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं) आणि रिकॉल (परत कामावर बोलावणं) यांची कलमं छापून घ्या. सोबत कराराला नंतर जोडलेली सगळी पत्रंही. अर्ध्या सवलती त्या पत्रांतच दिलेल्या असतात.

तारखांचं गणित आधी. विमानकंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली करार संपत नाही, फक्त बदलायला खुला होतो. त्या कायद्याच्या कलम ६ची नोटीस बदलाच्या किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालतात. म्हणजे घाई कंपनीला नसते, आपल्याला असते. हे सभासदांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहाव्या महिन्यात फोन सुरू होतात.

आता मागच्या वेळी राहिलेली गोष्ट. अपवादाचा शेवट. 'फर्लो करणार नाही' हे वाक्य हाती लागलं की टेबलाच्या आपल्या बाजूला हुश्श होतं आणि खालची ओळ कुणी वाचत नाही: 'कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची परिस्थिती वगळता'. ही ओळ काढून टाकायला कंपनी सहसा तयार होत नाही, तेव्हा तिला कुंपण घाला. कोणत्या घटना चालतील त्यांची नावं लिहा. इंधनाचे भाव, मंदी आणि स्पर्धा चालणार नाहीत, हेही लिहा. घटनेमुळे जितके वैमानिक खरोखर जास्त झाले तितकेच फर्लो, आणि तो आकडा सिद्ध करायचं काम कंपनीचं. आणि अपवाद संपतो केव्हा? हे लिहा. तारीख घाला, किंवा घटनेआधीच्या ब्लॉक तासांच्या (विमान गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतच्या वेळेच्या) ठरावीक टक्क्यांवर उड्डाणं सलग दोन महिने आली की संपला, यांपैकी जे आधी होईल ते. डेल्टाच्या २००१च्या करारात फर्लोबंदी होती, तरी ११ सप्टेंबरनंतर याच अपवादाच्या आधारे हजाराहून अधिक वैमानिक फर्लो झाले आणि वाद लवादापुढे गेला. अपवाद सुरू कसा होतो ते सगळे लिहितात. संपतो कसा, ते लिहा.

छोट्या मार्गांची उड्डाणं कंपनी स्वस्तात रीजनल म्हणजे छोट्या भागीदार कंपन्यांकडे देते, म्हणून स्कोपमध्ये त्यांच्या विमानांच्या जागा, वजन आणि संख्या तिन्ही बांधा. एकच बांधलं तर कंपनी दुसऱ्या बाजूने निसटते. मोठ्या करारांत रीजनल जेटची मर्यादा ७६ जागा आणि ८६,००० पौंड आहे, म्हणून त्याहून जड एम्ब्रेअर १७५-ई२ अमेरिकेतल्या रीजनल ताफ्यात शिरू शकलं नाही. उलट बाजू पाहायची असेल तर सीआरजे ५५० पाहा: सीआरजे ७०० मधल्या खुर्च्या काढून ५० वर आणल्या, प्रमाणित वजन उतरवलं, आणि विमान ५० जागांच्या वर्गात बसलं. व्याख्या वाचा, मग पुन्हा वाचा. 'कंपनी' या शब्दात होल्डिंग कंपनी आणि तिच्या सगळ्या उपकंपन्या येतात का? १९८० मध्ये टेक्सस एअरने स्वतःच्या छत्राखाली बिनयुनियनची न्यूयॉर्क एअर उभी केली होती, तेही तिच्याच टेक्सस इंटरनॅशनलमध्ये वैमानिकांची युनियन असताना. इथेही एखादी सूट दिलीत तर तिच्यावर अंतिम तारीख टाका. अपवादाचा शेवट, हो, पुन्हा तेच.

रिकॉल सीनियॉरिटीप्रमाणे. फर्लोत असताना हक्क किती वर्षं टिकतो, एकदा नकार दिला तर जातो का, आणि वैद्यकीय विमा किती महिने, हे लिहून घ्या. कुणी फर्लोत असताना नवी भरती किंवा रीजनलकडे काम वळवणं बंद.

विलीनीकरणासाठी उत्तराधिकाऱ्याची अट हवी: नवा मालक करार उचलेल, नाहीतर व्यवहार नाही. २००७च्या मॅकास्किल-बाँड कायद्याने दोन्ही कंपन्यांच्या सीनियॉरिटीच्या याद्या न्याय्य पद्धतीने जोडायची सक्ती आहे, पण 'न्याय्य' कुणाला वाटतं यावर यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टचे वैमानिक वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. याद्या जुळेपर्यंत दोन्हीकडची विमानं आणि वैमानिक वेगळे ठेवायची अट, त्यालाही मुदत.

लवाद जलद हवा. फर्लोच्या तक्रारीची सुनावणी ३० दिवसांत, निकाल पुढच्या ३० दिवसांत. नाहीतर निकाल येईपर्यंत माणूस दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो.

दिवाळखोरीत त्या कायद्याच्या कलम १११३ खाली न्यायालय करार रद्द करू देऊ शकतं, त्यामुळे दिवाळखोरीतल्या वकिलाला आधीच बोलावून ठेवा. मध्यस्थी, ३० दिवसांचा कूलिंग ऑफ (संपाआधीची सक्तीची थांबण्याची मुदत), संपाची मतपत्रिका: नेहमीचंच. सही करण्याआधी मसुद्यात 'वगळता', 'अन्यथा' आणि 'परिस्थितीनुसार' हे शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर शेवट लिहिलाय का ते पेनाने टिक करा.