पार्सलची गाठ खिचडीशी

आमच्या सोसायटीत कुणी विचारलं, "त्या कोपऱ्यावरच्याकडची बिर्याणी कशी आहे?", तर तीनच उत्तरं येतात. छान. मस्त. आता पूर्वीसारखी राहिली नाही. या तीन उत्तरांवर विसंबून मी बरेच पैसे घालवले. शेवटी एका रात्री, चारशे रुपयांचा भात पुढ्यात घेऊन बसलेली असताना, जुनी डायरी काढली आणि लिहायला लागले. अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक पार्सल मी मोजते, तोलते आणि लिहून ठेवते. शेजारणी आता वही मागायला येतात. वही देत नाही, पण पद्धत सांगते.

सगळ्यात आधी, हे पार्सल कशाच्या जागी आलंय ते ठरवा. हॉटेलात बसून खाण्याच्या जागी ते आलेलं नसतं. मी घाटकोपरहून निघते, डोंबिवलीला उतरते तेव्हा पावणेआठ वाजलेले असतात. घरी नवरा, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. पार्सल नाही आणलं तर मी मुगाची खिचडी टाकते. पंचवीस मिनिटं, एक कुकर, एक कढलं, वर तूप, सोबत भाजलेला पापड. गॅससकट चौघांचे सत्तर रुपये धरते. माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पार्सलची गाठ या खिचडीशी आहे. तुमच्याकडे खिचडीच्या जागी मॅगी असेल, अंडाभुर्जी असेल, दहीभात असेल. जे असेल त्याचा खर्च, वेळ आणि भांडी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे पान नसेल तर पुढचे सगळे आकडे हवेत लटकतात.

साहित्य फार लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, मोबाइलचं घड्याळ, एक गाळणी, आणि बिल. बिल फेकू नका. हातगाडीवर बिल मिळत नाही, तिथे पैसे दिल्या दिल्या रक्कम लिहा. रात्री आठवून लिहिलेली रक्कम नेहमी दहा रुपयांनी चुकते.

सुरुवात पोळीभाजी केंद्रापासून करा. आपल्याकडचं खरं रोजचं पार्सल तेच, पण त्याचं परीक्षण कुणी लिहीत नाही. जणू पोळीला चव, वजन, किंमत यातलं काहीच नसतं. स्टेशनपासून घरापर्यंतच्या माझ्या वाटेवर दोन केंद्रं आहेत. एकीकडे पोळी दहा रुपयांना, दुसरीकडे बारा. वर्षभर मी दहावालीकडे जाऊन स्वतःला हुशार समजत होते. काट्यावर ठेवली तेव्हा दहाची पोळी भरली २७ ग्रॅम आणि बाराची ३८. म्हणजे १०० ग्रॅमला पहिलीकडे ३७ रुपये, दुसरीकडे ३२. वर पहिलीच्या पोळ्या नवऱ्याला चारच्या जागी सहा लागायच्या. एकच पोळी तोलून निकाल देऊ नका. पाच एकदम ठेवा आणि पाचाने भागा, कारण लाटणारीचा हात प्रत्येक पोळीला थोडा बदलतो.

मग पोळी उलगडून बघा. घडीची आहे का, पदर सुटतात का, की नुसती दुमडून दिलीय? साडेआठला आणलेली पोळी साडेनऊला पुन्हा एकदा मोडून बघा. तेव्हा ती चामड्यासारखी ओढावी लागली तर कणकेत तेलाचा हात आखडलाय. आमच्या सासूबाईंना कवळी आहे, त्यामुळे ही परीक्षा मला वेगळी घ्यावी लागत नाही. त्यांनी पोळी आमटीत बुडवली की मी वहीत गुण कापते.

भाजीला गाळणी. ऐकायला विचित्र वाटेल, पण पन्नास रुपयांच्या पुडीत पातळ किती आणि फोडी किती हे डोळ्यांना कळत नाही. फ्लॉवर-बटाटा घेतला तर फ्लॉवर वेगळा काढून तोला. माझ्या एका नोंदीत १४० ग्रॅम भाजीत फ्लॉवर ३५ ग्रॅम निघाला. त्यापुढे मी कंसात "बटाटा-बटाटा" असं लिहिलंय.

आता सोय. सोय म्हणजे "लगेच मिळालं" एवढंच नाही. मी घड्याळातल्या चार वेळा लिहून ठेवते: सांगितलं कधी, हातात कधी आलं, पहिला घास कधी, आणि शेवटचं भांडं धुऊन पालथं घातलं कधी. चौथी वेळ कुणीच धरत नाही आणि खरी गोम तिथेच असते. पोळीभाजीला मी ठाणं सुटलं की फोन करते, "ताई, दहा पोळ्या, दोन भाज्या, एक आमटी." डोंबिवलीला उतरून फडके रोडने चालत गेले की पिशवी तयार. घरी आल्यावर पहिला घास सहा मिनिटांत. माझा स्वतःचा वेळ, भांड्यांसकट, अठरा मिनिटं. खिचडीला कुकर गार होऊन घासेपर्यंत पस्तीस जातात. इथे पोळीभाजी जिंकते. २६० रुपये, माणशी ६५, तरी जिंकते.

उलट अ‍ॅपवरून मागवलेली बिर्याणी. सोय म्हणून मागवली, पण बिल उभं-आडवं फोडून बघा. दुकानातल्या फळ्यावर फुल चिकन बिर्याणी २८०. अ‍ॅपवर तीच ३२०. पॅकिंगचे २०. या ३४० वर ५ टक्के जीएसटी, १७. पोचवण्याचे आणि प्लॅटफॉर्म फीचे, करासकट, ५०. एकूण ४०७. दुकानात जाऊन आणली तर २८० अधिक १४, म्हणजे २९४. फरक ११३ रुपयांचा. आता हा फरक जास्त की वाजवी, हे पदार्थ सांगत नाही, तुमची वाट सांगते. ते दुकान माझ्या येण्याच्या रस्त्यापासून जेमतेम आठ मिनिटं वाकडं आहे. आठ मिनिटांचे ११३ रुपये मला माझी कंपनीसुद्धा देत नाही. पण जुलैत पाणी तुंबलंय, रिक्षा नाही, अशा रात्री मी तेच ४०७ हसत देते आणि वहीत "पाऊस" असं लिहिते. परीक्षणात हे लिहायचं राहिलं तर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

बिर्याणीचं वजन हाडांसकट करू नका. आधी डबा पूर्ण तोला, जेवण झाल्यावर हाडं तोला आणि वजा करा. ७८० ग्रॅममधून १२० ग्रॅम हाडं गेली, राहिले ६६०. म्हणजे पोटात गेलेल्या १०० ग्रॅमला अ‍ॅपवरून ६२ रुपये, दुकानातून ४५. मुलीला आधी या प्रकाराची शिसारी यायची. आता हाडांची ताटली तीच आणून देते.

बिलावर कराबद्दल दोन गोष्टी बघा. रेस्टॉरंटच्या जेवणावर साधारणपणे ५ टक्के जीएसटी असतो आणि तो लावायचा तर बिलावर जीएसटी क्रमांक हवाच. पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर स्वतःच भरणाऱ्या, छोट्या दुकानाला गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही. एकाने मला क्रमांकाशिवाय "टॅक्स" म्हणून २५ रुपये लावले होते, विचारलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मशीनमध्येच तसं आहे." पैसे परत मिळाले, पण तिथले गुण गेले ते गेलेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा, २०२२ च्या जानेवारीपासून तसा नियम आहे.

आता प्रवास. पदार्थ दुकानात कसा होता यापेक्षा तुमच्या जिन्यावर येईपर्यंत त्याचं काय झालं, हे महत्त्वाचं. तळलेल्या पदार्थाचा वैरी वाफ. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं, डब्याला वाट नसली की पुन्हा कवचात मुरतं, आणि कुरकुरीत ते लिबलिबीत होतं. म्हणून फ्रेंच फ्राइज पार्सल घेऊन त्यांना नावं ठेवू नका, तो फ्राइजवर अन्याय आहे. डब्याला भोकं आहेत का ते मात्र लिहा. डोशाचंही तेच. इडली पोचते, डोसा पोचत नाही. पिझ्झा तर घरी पोचवण्यासाठीच जन्मल्यासारखा, त्याच्यावर मी फार शाई घालवत नाही.

वडापाव मला पार्सलचा पदार्थ वाटतच नाही. १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो विकायला घेतला तो गाडी पकडणाऱ्या माणसासाठी, उभ्याने खायला. घरी आणायचाच असेल तर वडे, पाव आणि चटणी वेगवेगळी मागा आणि पाव घरी तव्यावर टाका. वर्तमानपत्रात बांधून दिला तर तेवढ्यावरून गुण कापा. शाईत शिशासारखे घटक असतात आणि वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलंय. वड्याला शब्दकोडं छापलेलं आलं की गंमत वाटते खरी, पण ते पोटात जातं.

आता न्यायाचं. एका भेटीवर लिहू नका. तीनदा आणा, त्यातला एक वार रविवार असू द्या, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर कुणाचीच परीक्षा घेऊ नका, तेव्हा सगळ्यांचेच हात कमी पडतात. दुकानदाराला आपण लिहितो हे सांगू नका. सांगितलं की पुडी जड होते. एकदा मी चुकून वहीसकट काउंटरवर गेले आणि त्या दिवशी आमटीत चक्क शेवग्याच्या चार शेंगा निघाल्या. ती नोंद मी खोडली.

चूक कुणाची तेही वेगळं काढा. रस्सा सांडला तर आधी झाकण बघा. सैल असेल तर स्वयंपाकघराची चूक, झाकण चेपलं असेल तर वाटेतली. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून चार दिवस बंद असते. चार जिने चढून आलेल्या मुलाला "पाच मिनिटं उशीर" म्हणून एक तारा देणाऱ्या शेजाऱ्याशी माझं एकदा चांगलंच वाजलं होतं.

चव लगेच लिहू नका. लोकलमधून उभ्याने आलेल्या माणसाला गरम काहीही छान लागतं. मी भांडी आवरल्यावर लिहिते आणि एक रकाना सकाळसाठी मोकळा ठेवते: रात्री पाणी प्यायला किती वेळा उठलो. दोनपेक्षा जास्त असेल तर मीठमसाल्याबद्दल आणखी काही लिहायची गरज उरत नाही. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं का, तेही नोंदवा. भात आणि ओल्या नारळाची चटणी बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ली आणि पोट बिघडलं, तर तो ठपका दुकानावर टाकता येणार नाही.

आणि लिहिताना "छान" हा शब्द पूर्ण बंद. त्याच्या जागी काय लिहायचं, म्हणून माझी एक नोंद जशीच्या तशी देते.

"मिसळ, ४ प्लेट, रविवार. ९० प्रमाणे ३६०, पॅकिंग ४०, एकूण ४००. टॅक्स नाही. चालत आणली, ११ मिनिटं. पिशव्यांना ९ गाठी, त्यातल्या ३ कात्रीने कापल्या, एक रस्सा ओट्यावर. रस्सा कोमट, गॅसवर ६ मिनिटं. उसळ प्लेटमागे ८५ ग्रॅम, मटकी शिजलेली पण अख्खी. फरसाण वेगळं, कुरकुरीत. कांदा चिरलेला, लिंबू २ च. पाव ८, ताजे. जास्तीचा रस्सा मागितल्यावर न कुरकुरता दिला. भांडी: १ पातेलं, ४ वाडगे, ओटा पुसणं. रात्री पाणी १ वेळ. खिचडीपेक्षा ३३० महाग. रविवारी सकाळी पुन्हा आणीन, मंगळवारी रात्री नाही. उरलेला रस्सा सासूबाईंनी सोमवारी आमटीत घातला आणि ती आमटी दोघांनी मागून घेतली. त्याचे पैसे कुठल्या रकान्यात वजा करायचे ते ठरलेलं नाही."