मार्करचा कोच करताना: वस्तीतल्या मुलामुलींना आयटीएफ प्रमाणपत्रापर्यंत कसं न्यावं

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही जुन्या टेनिस क्लबात सकाळी सहाला गेलात की मार्कर दिसतो. मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळणारा, एरवी चेंडू गोळा करणारा, कोर्टवर पाणी मारून रोलर फिरवणारा मुलगा. बहुतेकदा जवळच्याच वस्तीतला, दहावी-बारावीपाशी शिक्षण अडकलेला. हात चांगला असतो, पण कागद नसतो. आणि कागद नाही म्हणून तो पंचवीस वर्षं मार्करच राहतो. अशा मुलामुलींना आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, कोचिंग प्रमाणपत्रापर्यंत नेणारा कार्यक्रम एखाद्या क्लबाला किंवा संस्थेला उभा करायचा असेल, तर त्याची ही बांधणी. आकडे बारा जणांच्या तुकडीचे आहेत. एका कोर्टवर त्याहून जास्त जण घेतले की लक्ष राहत नाही.

आधी एक मोह टाळा: स्वतःचं प्रमाणपत्र छापू नका. तुमच्या संस्थेचा शिक्का शेजारच्या गावच्या क्लबातही चालत नाही. आयटीएफची शिडी तयार आहे. प्ले टेनिस हा प्राथमिक कोर्स, मग नवशिक्या आणि मध्यम खेळाडूंसाठी लेव्हल १, प्रगत खेळाडूंसाठी लेव्हल २, हाय परफॉर्मन्ससाठी लेव्हल ३. भारतात हे कोर्स ऑल इंडिया टेनिस असोसिएशनमार्फत भरतात. तुम्ही बांधायच्या त्या शिडीखालच्या पायऱ्या, ज्या सुखवस्तू घरातल्या मुलाला न मागता मिळालेल्या असतात: इंग्रजी, मॅच खेळण्याची सवय, बिनचूक कागदपत्रं आणि काही महिने कमाई बुडाली तरी चालेल असं घर.

वर्ष पावसाप्रमाणे लावा

जून ते सप्टेंबर क्ले (मातीचं) कोर्ट बंद असतं, तेव्हा कार्यक्रम तिथूनच सुरू करा. या चार महिन्यांत कागदपत्रं, इंग्रजी, नियम, शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या संथ लाल चेंडूचा सराव आणि भिंतीवर फटके. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कोर्टवर स्वतःचा खेळ आणि देखरेखीखाली शिकवणं. मार्च ते मे क्लबांचे उन्हाळी कॅम्प चालतात आणि मदतनिसांची सगळीकडे मारामार असते. तो तुमच्या मुलांचा खरा सराव आणि पहिला पगारही. कोर्सचा फॉर्म या कॅम्पनंतर भरायचा, आधी नाही. लहान मुलांच्या गराड्यात दोन महिने न घालवता कोर्सला गेलेला उमेदवार तिथे पुस्तकी बोलतो आणि परीक्षेत उघडा पडतो.

वर्ग सकाळी अकरा ते एक ठेवा. मार्करचं काम सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर असतं. त्या वेळा मागितल्या की मुलगा तिसऱ्या आठवड्यात गळतो. तरीही थोडी कमाई बुडतेच. प्रत्येक घरी जाऊन ती किती ते विचारा आणि तेवढं विद्यावेतन दर शनिवारी द्या. महिनाअखेर एकरकमी दिलेल्या पैशाचा घरच्या आठवड्याच्या हिशोबाला उपयोग नसतो. गणपतीत मांडवाचं आणि दिवाळीत दुकानाचं काम मिळतं, त्या दिवसांत मुलं गायब होणारच; ते आठवडे वेळापत्रकातून आधीच वगळा. हजेरीवरून दंड लावणारे कार्यक्रम सर्वात गरजू मुलाला सर्वात आधी बाहेर काढतात.

मुलींसाठी वेगळी तयारी लागते, आणि ती पहिल्या दिवशीच हवी. चालू स्थितीतलं स्वच्छतागृह, कपडे बदलायला कडी लागणारी खोली, कोर्टवर एक बाई, आणि अंधार पडायच्या आत घरी. स्कर्टची सक्ती नको, ट्रॅकपँट चालते. आईला एकदा कोर्टवर बोलावून काय चालतं ते दाखवलं की निम्मे प्रश्न मिटतात.

नावाचं स्पेलिंग

हे क्षुल्लक वाटतं, पण चांगली तयारी झालेली मुलं इथे अडकतात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, आणि बँकेत तिसरंच स्पेलिंग. प्रमाणपत्रावर जे छापून येईल तेच पुढे पासपोर्टशी आणि नोकरीच्या अर्जाशी जुळवलं जाणार. जूनमध्येच प्रत्येकाचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवून एकेक अक्षर तपासा. फरक किरकोळ असेल तर आधार दुरुस्त होतं. नावच वेगळं पडलं असेल तर राजपत्रात बदल छापून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ जातो.

तसंच ईमेलचं. आयटीएफचं ऑनलाइन शिक्षण आयटीएफ अकॅडमीवर चालतं, तिथे स्वतःचं खातं लागतं. घरात मोबाइल एक, सिम दर सहा महिन्यांनी बदलतं आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. म्हणून कार्यक्रम संपेपर्यंत नंबर बदलायचा नाही हा नियम करा, रिचार्ज तुम्ही भरा, आणि पासवर्ड मुलाच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.

खेळ: मार्करची गोडी आणि खोडी

मार्करचा रॅलीतला हात बघत राहावा असा असतो. अर्धा तास एकाच उंचीचा, मेंबरला सोयीचा चेंडू तो देऊ शकतो. खोडी तिथेच आहे. समोरच्याला अडचणीत टाकायची सवयच नसते, सर्व्हिस कच्ची असते आणि गुण मोजून तो क्वचितच खेळलेला असतो. पकड पाहून-पाहून बसलेली असते. कुणी फोरहँडच्याच पकडीने सर्व्हिस करतो. कोचला फटका दाखवता यायला हवा, त्यामुळे हे दुरुस्त होणं भाग आहे.

आठवड्यातून तीनदा प्रत्येकी ६० सर्व्हिस, त्यातल्या ४० दुसऱ्या सर्व्हिसच्या, म्हणजे पहिली चुकल्यावर करायच्या. कॉन्टिनेंटल (हातोडी धरल्यासारखी) पकड बसवताना पहिले पंधरा दिवस चेंडू जाळ्यात आणि डावीकडे जातात, मुलगा वैतागून जुन्या पकडीवर येतो. त्या काळात त्याला सर्व्हिस लाइनवरून (जाळी आणि मागची रेषा यांच्यामधल्या आडव्या रेषेवरून) मारायला लावा, अंतर हळूहळू वाढवा. दर शनिवारी गुण मोजून सामने खेळवा आणि पंचही त्यांच्यातलाच ठेवा.

मेंबरांनी दिलेल्या जुन्या रॅकेटी घ्या, पण तार बदलूनच हातात द्या. मेलेल्या तारेवर कोपर दुखायला लागतं. ५० पौंडांच्या आसपासचा ताण पुरे. बूट मात्र जुने घेऊ नका.

एका कोर्टची चार कोर्टं

शिकवण्याचा गाभा इथे आहे. लहान मुलांसाठी आयटीएफने लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू ठरवलेले आहेत. नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा लाल सुमारे ७५ टक्के संथ, नारिंगी ५० आणि हिरवा २५. २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू नियमानेच बंद आहे. कारण सरळ आहे: पिवळा चेंडू सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून जातो, मग तो खांद्याच्या वरून फटका मारायला शिकतो आणि पकड कायमची वाकडी होते.

लाल कोर्ट, म्हणजे लाल चेंडूने खेळायचं छोटं कोर्ट, सुमारे ११ मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद, जाळी ८० सेंटिमीटर. आता साधं कोर्ट आडवं बघा. दुहेरीच्या दोन रेषांमधलं अंतर ३६ फूट, म्हणजे लाल कोर्टची लांबी. सर्व्हिस लाइन ते बेसलाइन (कोर्टची सर्वात मागची रेषा) १८ फूट, म्हणजे त्याची रुंदी. जाळी ते सर्व्हिस लाइन २१ फूट. त्यात जाळीपासून ३ फूट सोडले की आणखी एक १८ फुटी कोर्ट बसतं. जाळीच्या प्रत्येक बाजूला दोन, अशी चार कोर्टं तयार. सर्व्हिस लाइन एकेरीच्या रेषेपाशी थांबते, ती दोन्हीकडे साडेचार फूट चुन्याने वाढवायची आणि जाळीजवळची रेघ नवी ओढायची. बाकी रेषा आहेतच.

आडव्या जाळीसाठी रंगाचे रिकामे डबे, त्यात वाळू-सिमेंट आणि मीटरभर बांबू. प्रत्येक बाजूला तीन: एक मोठ्या जाळीपाशी, एक सर्व्हिस लाइनवर, एक बेसलाइनच्या मागे. दोरी मोठ्या जाळीलाच बांधायचा आळस करू नका, ताणाने मधला पट्टा वाकडा होतो. दोरी मध्ये झोळ खाते आणि जाळी ७० सेंटिमीटरवर येते. रोज पट्टी लावून बघा. दोरीला लाल-पांढऱ्या पट्टीचे तुकडे लोंबकळत ठेवले नाहीत तर चेंडू वरून गेला की खालून, यावर प्रत्येक गुणाला भांडण.

या चार कोर्टांवर आठ मुलं खेळतात, चार गुण मोजतात, दर पाच मिनिटांनी अदलाबदल. जवळच्या मनपा शाळेतून बारा मुलं आठवड्यातून दोनदा आणा. तुमचे उमेदवार आळीपाळीने शिकवतील. ४८ लाल, ३६ नारिंगी, ३६ हिरवे चेंडू आणि २१, २३ व २५ इंची प्रत्येकी सहा रॅकेटी पुरतात. चेंडू रंगाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत आणि कोरडे ठेवा. ओल्या मातीत घोळलेला लाल चेंडू जड होतो आणि उसळतच नाही.

रांग मोडणं

उमेदवारांनी आजवर पाहिलेला कोच म्हणजे टोपलीशेजारी उभा राहून चेंडू टाकणारा माणूस आणि समोर मुलांची रांग. ते तेच करणार. समजावून हे सुटत नाही, मोजून सुटतं. एकाला वही देऊन बसवा: एका ठरावीक मुलाने दहा मिनिटांत किती चेंडू मारले? तीन सेकंदांना एक चेंडू टाकला आणि रांगेत आठ मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ येतात, उरलेला वेळ उभं राहणं आणि चिमटे काढणं. मग त्याच मुलांना लाल कोर्टवर जोड्यांनी खेळवून पुन्हा मोजायला लावा. आकडा वहीत आल्यावर बोलायला काही उरत नाही.

आयटीएफची पद्धत खेळातून फटक्याकडे जाणारी आहे: आधी खेळवा, अडलेलं ओळखा, तेवढाच फटका बांधून सराव करून घ्या, पुन्हा खेळवा. खेळाच्या पाच परिस्थिती पाठ असाव्यात: सर्व्हिस करताना, सर्व्हिस परतवताना, दोघेही बेसलाइनवर असताना, आपण जाळीकडे जाताना किंवा जाळीपाशी, आणि समोरचा जाळीकडे येताना. प्रत्येक पाठाच्या टाचणाची पहिली ओळ म्हणजे यातली कोणती परिस्थिती, हे.

चेंडू टाकण्यात मार्कर हुशार असतो, पण सवयीने जोरात टाकतो. नवशिक्याला तीन मीटरवरून हाताने, खालून, एक टप्पा घेऊन कमरेपाशी येईल असा द्यायचा. रॅकेटने देताना टोपली मोकळ्या हाताच्या बाजूला. आणि मूल परत जागेवर येईपर्यंत पुढचा चेंडू नाही. कोर्टवर लोळणारा चेंडू दिसला की थांबायचं. घोटा मुरगळतो तो त्याच्यावरच.

कोर्टवरच्या परीक्षेत मार्क जातात ते ठरलेल्या जागी. चार मिनिटं भाषण होतं. एका फटक्यात तीन चुका सांगितल्या जातात. अर्ध्या गटाकडे पाठ असते किंवा मुलांच्या डोळ्यांवर ऊन असतं आणि कोच सावलीकडे तोंड करून उभा. यावर एक कवायत: स्टॉपवॉच लावून ३० सेकंदांत सांगणं, एकदा दाखवणं, लगेच सुरू. वेळ संपली की शिट्टी, मग वाक्य अर्ध्यावर असलं तरी. पंधरा दिवसांत जिभेला वळण लागतं.

इंग्रजी: ऐकलेलं वाचता येणं

स्प्लिट स्टेप, टॉपस्पिन, कॉन्टॅक्ट पॉइंट हे शब्द या मुलांच्या कानावरून रोज जातात, फक्त कागदावर ओळखू येत नाहीत. दीडशे शब्दांची कार्डं करा: एका बाजूला इंग्रजी अक्षरांत, दुसऱ्या बाजूला मराठीत अर्थ. रोज एक फटका बघून आधी मराठीत, मग दोन इंग्रजी वाक्यांत सांगायचा. व्याकरण सोडून द्या.

बायोमेकची, म्हणजे फटक्यात शरीर कसं काम करतं त्याची, सहा सूत्रं (बॅलन्स, इनर्शिया, अपोझिट फोर्स, मोमेंटम, इलॅस्टिक एनर्जी, कोऑर्डिनेशन चेन) घोकून बसत नाहीत. आसूड ओढून दाखवा: मुठीपासून लाट पुढे जाते आणि टोकाशी आवाज होतो. सर्व्हिसमध्ये तीच लाट पायातून गुडघा, कंबर, खांदा, कोपर करत मनगटाशी येते. गुडघे वाकवले नाहीत तर सगळा भार खांद्यावर पडतो. हे एकदा अंगाने कळलं की शेवटचं सूत्र विसरत नाहीत. लेखी सरावासाठी रोज एका पाठाचं टाचण पुरे.

मुलांची सुरक्षितता

उमेदवार स्वतःच सतरा वर्षांचा असू शकतो आणि त्याच्या हाताखाली सात वर्षांची मुलं असतील, म्हणून नियम दोन्ही बाजूंनी. पालकांची लेखी संमती, अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर कुणी नाही, मुलांशी खासगी मेसेज नाहीत. पकड दुरुस्त करताना हात धरण्याआधी विचारायचं. शक्यतो स्वतःच्या रॅकेटवर दाखवायचं. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. क्लबाच्या कमिटीत मिटवणं हा पर्याय नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर कोर्टच्या फाटकावर मोठ्या अक्षरात लावा.

प्रमाणपत्रानंतरचं पहिलं वर्ष

बऱ्याच क्लबांत कोचिंगचा ठेका मुख्य कोचकडे असतो आणि मदतनीस तो ठेवतो, तोंडी बोलीवर. इथे संस्थेने मध्ये पडायचं. तासाचा दर, आठवड्याचे तास, पावसाळ्यातले महिने आणि पैसे कधी मिळणार, एवढं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पावसाळ्याचा मुद्दा गाळला तर जूनमध्ये पोरगा पुन्हा रोलरवर दिसेल. गृहसंकुलांमधली एकेकटी कोर्टं हा दुसरा रस्ता. तिथे सोसायटीशी थेट करार होतो आणि बहुतेक कोर्टं सिमेंटची असल्याने पाऊस उघडल्यावर तासाभरात खेळता येतं.

लेव्हल १ची घाई नको. एक पूर्ण हंगाम शिकवून, प्रत्येक पाठाचं टाचण वहीत ठेवून, मगच पुढचा फॉर्म. त्याची फी पहिल्या महिन्यापासून पगारातून थोडी-थोडी बाजूला काढायला लावा आणि निम्मी संस्थेने घाला.